नीट शिजवलं होतंस ना?

बरेच दिवस हे लिहायचं म्हणत होते आणि टाळत होते. नातेवाइकांना हकीकत माहीत आहे, पण तुकड्या-तुकड्यांत, फोनवरची. बाकीच्या मंडळींना मी मध्येच चार-पाच महिने गप्प का झाले होते ते कधी सांगितलं नाही. आज सांगते. पण रडगाणं गायला नाही, एका प्रश्नाबद्दल माझं मत मांडायला. प्रश्न तोच, वर मथळ्यात आहे तो.

चार वर्षांपूर्वी, आमचे चिरंजीव सहा वर्षांचे असताना, एका शनिवारी मी त्याला घरी बर्गर करून दिला. गोमांसाचा. (आता साताऱ्याच्या मंडळींनी एक दीर्घ श्वास घ्यावा आणि पुढे वाचावं.) मी स्वतः खात नाही. ज्या घरात अंडंसुद्धा मागच्या दारी, वेगळ्या पातेल्यात उकडलं जायचं, त्या घरात मी वाढले. पण मुलगा इथे जन्मला, शाळेत सगळे खातात, तोही खाऊ लागला आणि आम्ही दोघांनी ठरवलं की या विषयावर घरात महाभारत नको. सुपरमार्केटमधून गोठवलेल्या टिक्क्यांचा खोका आणायचा, तव्यावर भाजायच्या, पावात घालून द्यायच्या. मी चव घेत नसल्यामुळे अंदाज फक्त डोळ्यांचा. बाहेरून तपकिरी झाली, सुरी घातली तर आतूनही तपकिरी दिसली, की झालं.

मंगळवारी पोटात कळा सुरू झाल्या. बुधवारी शौचाला रक्त पडलं. इस्पितळात नेलं तेव्हा मला वाटलं अँटिबायोटिक देतील आणि दोन दिवसांत घरी. त्यांनी दिलं नाही. या जंतूच्या बाबतीत ते टाळतात, कारण त्याने विष आणखी सुटण्याची भीती असते. पुढच्या आठवड्यात लघवी कमी झाली, चेहरा सुजला, रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या. आठ दिवस डायलिसिसवर होता. सहा वर्षांचं पोर आणि त्याच्या उशाशी ते यंत्र. यावर जास्त लिहीत नाही.

तो बरा झाला. आज दहा वर्षांचा आहे, सायकल हाणतो, गृहपाठाला टाळाटाळ करतो. वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला जातो. ते चालूच राहणार आहे.

त्या दिवसांत मला सगळ्यांनी एकच विचारलं. शेजारणीने विचारलं. ऑफिसात विचारलं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, अगदी मायेने, रडत रडत, "अगं, पण तू नीट शिजवलं होतंस ना?" आणि आईने विचारलं नाही, पण ती गप्प राहिली तेव्हा ती तेच विचारत होती हे मला कळलं. नवऱ्याने कधीच विचारलं नाही. मला मात्र रात्री दोन वाजता इस्पितळातल्या त्या खुर्चीत दुसरं काही सुचत नव्हतं. शिजवलं होतं का नीट? गॅस बारीक होता का? फोन आला होता का मध्येच?

नंतर काउंटीच्या आरोग्य खात्यातून एका बाईंचा फोन आला. तासभर प्रश्न. आठवडाभरात काय काय खाल्लं, कुठून आणलं, पावती आहे का. शेवटी त्यांनी फ्रीझरमध्ये उरलेल्या टिक्क्या नेल्या. त्यांत तोच जंतू सापडला जो मुलाच्या पोटात होता. अगदी जनुकांपर्यंत जुळणारा. त्या बाईंना मी रडतच म्हटलं, "म्हणजे माझीच चूक." त्या शांतपणे म्हणाल्या, "खोक्यात तो तुम्ही घातला नव्हता."

त्या एका वाक्याने मला वाचायला लावलं. चार वर्षं जमेल तसं वाचतेय. मी डॉक्टर नाही, प्राणिशास्त्रवाली नाही, बँकेत हिशेब तपासते. तेव्हा चूक कुठे झाली हे मागे मागे जाऊन शोधण्याची सवय मात्र आहे.

तर त्या जंतूचं नाव ई. कोलाय ओ१५७:एच७. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात, बहुतेक निरुपद्रवी. हा त्यातला वाया गेलेला भाऊ. माणसांना आजारी पाडणारा म्हणून तो ओळखला गेला १९८२ मध्ये, ऑरेगन आणि मिशिगन राज्यांत हॅम्बर्गर खाल्लेले लोक आजारी पडले तेव्हा. तो राहतो गाईगुरांच्या आतड्यात आणि गंमत (गंमतच म्हणायची!) अशी की गाईला त्याचा काहीही त्रास होत नाही. तो जे विष सोडतो ते शरीरात चिकटायला एक विशिष्ट जागा लागते. ती गाईच्या रक्तवाहिन्यांत नसते, आपल्या मूत्रपिंडात असते, आणि धोका सर्वात जास्त लहान मुलांना. लागण झालेल्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणांची मूत्रपिंडं धोक्यात येतात. आणि आजारी पडायला शंभराहून कमी जंतूसुद्धा पुरतात. शंभर! डोळ्याला दिसायला कोट्यवधी लागतील.

मग आतड्यातला जंतू मांसात येतो कसा? मांस मुळात आतून स्वच्छ असतं. जनावराच्या कातडीवर शेण लागलेलं असतं. कत्तलखान्यात कातडं ओढून काढताना ते उघड्या मांसाला लागू शकतं. पोट उघडून आतडी काढताना सुरी जराशी चुकली तर आतलं बाहेर येतं. मोठ्या कारखान्यांत तासाला तीनशे-चारशे जनावरं त्या साखळीवरून पुढे सरकतात आणि हे काम माणसं हातात सुरी घेऊन करतात, बरीचशी आपल्यासारखीच बाहेरून आलेली, दिवसभर एकच कापा हजारो वेळा घालणारी. कामगाराला दोष देऊन काय उपयोग? सुऱ्या ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवतात, वाफेने आणि सौम्य आम्लाने धड धुतात. या सगळ्याने जंतू खूप कमी होतात. शून्य होत नाहीत.

इथपर्यंतही ठीक. मांसाचा अख्खा तुकडा असेल तर जंतू पृष्ठभागावरच राहतात आणि तवा त्यांचा बंदोबस्त करतो. घोटाळा होतो खिम्यात. जे बाहेर होतं ते खिम्यात आत जातं. शिवाय हा खिमा एका गाईचा नसतोच. काटछाटीचे तुकडे ठिकठिकाणाहून येतात आणि एकत्र दळले जातात. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मायकेल मॉस या पत्रकाराने एका टिक्कीचा माग काढला होता. ती खाऊन मिनेसोटातली एक तरुण नृत्यशिक्षिका कमरेखाली लुळी पडली होती. त्या एका टिक्कीतला माल नेब्रास्का, टेक्सास, साउथ डकोटा आणि चक्क उरुग्वेहून आला होता. त्या लेखनाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्यातच हेही होतं की काही मोठे कत्तलखाने आपला माल अशाच दळणाऱ्यांना विकत, जे दळण्याआधी तो तपासणार नाहीत. म्हणजे जंतू निघाला तर कुणाच्या घरून आला ते कळायला नको. हिशेब तपासणारी म्हणून सांगते, ज्या व्यवहारात "पावती मागू नका" ही अट असते, तिथे चूक शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. "नीट शिजवलं होतंस ना" हा प्रश्न सासूबाईंचा नाही. तो इथल्या कायद्याचा आहे, आणि बराच जुना.

१९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. त्याने बरंच सुधारलं. पण ती तपासणी डोळ्यांची, हाताची आणि नाकाची होती. जंतू ना दिसतो ना वास मारतो. १९७४ मध्ये कच्च्या मांसावर साल्मोनेला जंतूबद्दल इशारा छापावा म्हणून सार्वजनिक आरोग्यवाल्यांची संघटना कोर्टात गेली, तर वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की गरज नाही, अमेरिकन गृहिणी काही अडाणी नाहीत, मांस कसं शिजवायचं ते त्यांना कळतं. ऐकायला केवढा मान! मला मात्र तो मान वाचून हसू आलं. आपल्याकडेही बाईला अन्नपूर्णा म्हणतात ते बहुतेक वेळा काम गळ्यात घालायच्या आधी.

मग आली १९९३ ची साथ. जॅक इन द बॉक्स या बर्गरच्या साखळीत खाल्लेले सातशेहून जास्त लोक चार राज्यांत आजारी पडले आणि चार मुलं गेली. बर्गर पुरेसे शिजले नव्हते हे खरं. वॉशिंग्टन राज्याचा नियम १५५ अंश फॅरनहाइटचा होता आणि तिथे त्याहून कमी शिजवत होते. पण जंतू आधीच मांसात होता, आणि त्या मांसावर सरकारी तपासणीचा शिक्का होता. सरकारने लगेच काय केलं? कच्च्या मांसाच्या पाकिटावर सूचना छापणं सक्तीचं केलं. नीट हाताळा, नीट शिजवा. म्हणजे पुन्हा चेंडू स्वयंपाकघरात.

खरा बदल सप्टेंबर १९९४ मध्ये झाला. शेतीखात्याच्या तपासणी विभागाचे प्रमुख मायकेल टेलर मांस उद्योगाच्या सभेत गेले आणि त्यांनी तिथेच जाहीर केलं की यापुढे खिम्यात ओ१५७ सापडला तर तो माल भेसळयुक्त समजला जाईल. विकता येणार नाही. बस्स. एका शब्दाचा फरक, पण सगळं उलटं झालं. आतापर्यंत जंतू म्हणजे कच्च्या मांसाचा "स्वभाव" होता, आता तो मालातला दोष झाला. उद्योगवाले कोर्टात गेले, हरले. कोर्ट म्हणालं की पुष्कळ लोक बर्गर आतून लालसर असला तरी तो नीट शिजलेलाच मानतात आणि ते शिजवणं या जंतूला पुरत नाही. मला हा निकाल १९७४ च्या निकालापेक्षा बाईचा जास्त मान राखणारा वाटतो. तिला देवी न म्हणता तो तिचं ओझं कमी करतो.

१९९६ मध्ये प्रत्येक कारखान्याला धोक्याच्या जागा आधीच ओळखून तिथे बंदोबस्त करण्याची पद्धत सक्तीची झाली. मूळ ही पद्धत साठच्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनी आणि नासाने बसवली होती. वर गेल्यावर पोट बिघडून चालणार नाही म्हणून. (खाली राहिलेल्यांचं बिघडून चालतं हे लक्षात यायला तीस वर्षं लागली.) २००२ मध्ये या जंतूसाठी कारखान्यांना आपल्या योजना पुन्हा तपासायला लावल्या. याचा उपयोग झाला का? झाला. सरकारी तपासणीत २००० साली खिम्याच्या हजार नमुन्यांत आठ-नऊ दूषित निघत, २००४ साली दोनहून कमी. २०१२ पासून याच्या आणखी सहा भावंडांनाही भेसळ ठरवलं. म्हणजे जे "शक्यच नाही, कच्चं मांस आहे, जंतू असणारच" म्हणत होते, त्यांना दोषी धरायचं ठरल्यावर ते शक्य झालं. गृहिणी १९७४ मध्ये जेवढी हुशार होती तेवढीच २००४ मध्ये होती.

सगळं आलबेल आहे असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेट्रॉइटच्या एका कंपनीने सुमारे ७६ हजार किलो खिमा परत बोलावला. तोवर मिनेसोटात किमान पंधरा जण आजारी पडले होते. "परत बोलावला" म्हणताना हेही लक्षात घ्या की शेतीखात्याला माल परत घ्यायची सक्ती करता येत नाही. विनंती करता येते. शिक्का काढून घेण्याची धमकी असते म्हणून कंपन्या ऐकतात, पण कागदावर तो स्वेच्छेचाच मामला. गुरांसाठी लसही निघाली, २००९ मध्ये इथे तिला सशर्त परवानगी मिळाली, पण फारशी वापरली गेली नाही. साधं आहे. गाय आजारी पडत नाही, मग गाय पाळणाऱ्याने पैसे का घालावेत? खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा आणि आजारपण तिसऱ्याचं. किरणोत्सार देऊन जंतू मारण्याची सोय आहे, तर गिऱ्हाईक त्या शब्दाला घाबरतं. आपण घाबरू नये खरं तर. २००७ पासून अमेरिकेत येणारा आपला हापूस किरणोत्सार घेऊनच विमानात बसतो, लासलगावच्या केंद्रातून. त्याच्या पेटीवर आपण कसे तुटून पडतो!

आता माझ्या मताविरुद्धचं सर्वात वजनदार म्हणणं सांगते, कारण ते माझ्या आईचं आहे. ती म्हणाली, "आपण दूध तापवतोच ना? गवळ्याला कोण विचारतं? घरात आलं की तापवायचं." खरं आहे. स्वयंपाकघराची काळजी हवीच. पण आई, दूध उतू येतं. ते स्वतः वर येऊन सांगतं की मी झालो. बर्गर सांगत नाही. शेतीखातंच म्हणतं की चारातला एक बर्गर सुरक्षित तापमानाला पोचायच्या आधीच आतून तपकिरी होतो. मी पाहिलेला रंग माझ्याशी खोटं बोलला. १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस, हे थर्मामीटर खुपसल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. शिवाय दूध तापवलं की संपलं. इथे टिक्की उत्तम शिजली तरी ज्या हाताने ती खोक्यातून काढली तो हात नळाला लागतो, नळाचा काकडीला. शंभराहून कमी जंतूंचा मामला आहे. एवढं सोवळं तर आजीनेसुद्धा पाळलं नव्हतं.

आणि काकू, तुमचंही म्हणणं विसरले नाही. "खाऊ नये ते खाल्लं की असंच व्हायचं." तुमच्यावर राग नाही. पण २००६ मध्ये याच जंतूने दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले, किमान तिघे गेले. ते काय खाऊन? पालक! कॅलिफोर्नियातला, पिशवीतला, धुतलेला पालक. शेजारच्या कुरणातल्या गुरांच्या शेणात तोच जंतू सापडला. २०१८ मध्ये ॲरिझोनाच्या युमा भागातल्या रोमेन लेट्यूसने २१० जण आजारी, पाच मृत्यू. जंतू कालव्याच्या पाण्यात मिळाला. २०२४ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या बर्गरमुळे शंभराहून जास्त लोक आजारी पडले तेव्हा सगळ्यांनी मांसाकडे बोट दाखवलं आणि संशयाची सुई अखेर थांबली ती कच्च्या कांद्यावर. जंतूला आपली पंगत कळत नाही. आणि पालक "नीट शिजवला होतास ना" असं कोणी विचारत नाही, कारण कोशिंबीर शिजवत नाहीत. तिथे प्रश्न आपोआप शेताकडे जातो. मग खिम्याच्या बाबतीत तो स्वयंपाकघराशीच का अडतो?

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वयंपाकघर ही शेवटची भिंत आहे, तिला पहिली भिंत करू नका. मी आता थर्मामीटर वापरते. खिमा हाताळल्यावर हात दोनदा धुते. हा माझा वाटा, आणि तो मी करणार. पण कत्तलखान्याने, दळणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि शिक्का मारणाऱ्याने आपापला वाटा उचलला का, हे आधी विचारलं जायला हवं. तो प्रश्न विचारला तेव्हा सुधारणा झाली. आईला विचारला तेव्हा फक्त आई रडली.

जॅक इन द बॉक्सने त्या साथीनंतर डेव्ह थीनो नावाच्या तज्ज्ञाला आणलं. त्या साथीत गेलेल्या एका मुलीचा फोटो ते वर्षानुवर्षं जवळ बाळगत आणि निर्णय घेताना तो बघत असं वाचलंय. खुर्चीत बसलेल्या माणसाने मुलाचा फोटो जवळ ठेवावा, ही माझी अपेक्षा फार मोठी नसावी.

असो. चिरंजीवांनी परवा विचारलं, "आई, मी परत बर्गर खाऊ शकतो का?" मी हो म्हटलं. मग तव्यापाशी थर्मामीटर घेऊन तोच उभा राहिला आणि १६० आल्यावर मोठ्याने ओरडला. मी मागे उभी होते. हात थोडे थरथरत होते, पण ते त्याला दिसले नसावेत.

पुढच्या वेळी तुमच्या ओळखीत कुणाचं मूल असं आजारी पडलं तर त्याच्या आईला तो प्रश्न विचारू नका. ती तो स्वतःला विचारतेच आहे. त्याऐवजी डबा घेऊन जा.

ता.क.: सासूबाई, हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही त्या दोन महिन्यांत इथे येऊन जे केलंत त्याची फेड होणार नाही. आणि मऊ भाताची ती पद्धत पुन्हा एकदा सांगा, माझा अजून तसा होत नाही.